लव्हेंडरला पाणी घालू नये

आमच्या भागात कुणी म्हणालं की मी लव्हेंडर लावतोय, तर लोक त्याच्याकडे जरा काळजीनं बघतात. डोंगराच्या कडेला, रस्त्याच्या फटीत, स्मशानाच्या भिंतीवर, जिथं म्हणून बाकी काही उगवायला कचरतं तिथं ते आपलं आपण उगवतं. परसात मुद्दाम खड्डा खणून ते लावणं म्हणजे कोंबडीला अंडं घालायला शिकवणं. पण ती वेळ माझ्यावर आली आणि कोंबडी माझ्या हातून मेली. ती कशी, ते सांगतो.

त्या वसंतात माझे सासरे फर्दिनां इस्नार जिन्यावरून पडले. डोक्याला टाके पडले, गुडघा सुजला, आणि सोलांज, म्हणजे माझी बायको, त्यांना आमच्या घरी घेऊन आली. सासऱ्यांची आयुष्यभर वरच्या गावात लव्हेंडरचं तेल काढायची भट्टी होती. ल्यूर डोंगराच्या अर्ध्या उतारांवरची फुलं त्यांच्या हाताखालून तेल होऊन गेली असतील. असा माणूस आमच्या परसात खुर्ची टाकून समोरच्या भिंतीकडे बघत बसायचा.

"बाबा दिवसभर भिंत बघतात," सोलांज म्हणाली.

"भिंत चांगली आहे," मी म्हणालो. ती मी रंगवली होती.

"लिओनेल, तिथं चार रोपं लाव. लव्हेंडर. त्यांना बरं वाटेल. हल्ली जेवतानासुद्धा बोलत नाहीत."

माझ्याशी ते आधीही बोलत नसत, त्यामुळे फरक माझ्या लक्षात आला नव्हता. पण बायको अशा आवाजात बोलली की नवऱ्यानं उठावं, एवढं मला कळतं.

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. अर्ध्या गावाला गाडी मी शिकवली, आणि उरलेलं अर्धं गाव नापास झालं म्हणून माझ्यावर डूख धरून आहे. परीक्षा सरकारी माणूस घेतो, पण शिव्या मास्तरला. ते असो. माझा स्वभाव चौकस आहे, त्यामुळे रोपं आणायच्या आधी मी शेजारी चौकशी केली. हीच चूक झाली.

भिंतीपलीकडे पेलिसिए बाई राहतात. हॉस्पिटलात सिस्टर होत्या, आता निवृत्त आहेत, पण समोर दिसेल त्याची शुश्रूषा करायची सवय गेलेली नाही. त्या म्हणाल्या, "मस्यू ऑबेर, पाणी! सकाळ-संध्याकाळ पाणी! लोक म्हणतात लव्हेंडरला पाणी लागत नाही. अहो, रोप आहे, काय उंट आहे?"

रस्त्याच्या टोकाला शाबेर राहतो. तो मधमाश्या पाळतो आणि माणसांविषयी त्याचं मत फारसं चांगलं नाही. "काही करू नकोस," तो म्हणाला. "लाव आणि विसर."

आता मला सांगा, दोन सल्ल्यांपैकी कुठला सल्ला सल्ल्यासारखा वाटतो? मी पेलिसिए बाईंचा घेतला. वर पदरचं म्हणून घोड्याची लीद घातली, खाली काळी माती घातली, आणि दुकानातून आणलेली गुटगुटीत रोपं लावून झारी घेऊन उभा राहिलो. सासऱ्यांनी खुर्चीतून पाहिलं.

"हं," ते म्हणाले.

मला हे 'हं' झोपू देईना. चांगलं म्हणायचं होतं की वाईट? सोलांज म्हणाली, "बाबांचं 'हं' म्हणजे हं." मी रोपाची एक काडी चोळून त्यांच्या नाकाखाली धरली. त्यांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, आणि परत, "हं."

महिन्याभरात रोपं बुडातून काळी पडली. मी पाणी वाढवलं. मग ती मेली. लव्हेंडरच्या देशात, ज्या महिन्यात शेजारच्या कौलांवरसुद्धा जांभळं दिसत होतं, त्या महिन्यात माझ्या परसात एक काळा ओला पट्टा होता आणि त्याच्यापुढं सासऱ्यांची खुर्ची.

"बुडवून मारलीस," शाबेर म्हणाला. "आमच्या भागात लव्हेंडर बुडून मेल्याचं मी पहिल्यांदा ऐकतोय."

पण माझं डोकं दुसरीकडंच चालू होतं. गावाबाहेर जो गोल चौक आहे, त्याच्या मधोमध लव्हेंडरचं एक मोठं झुडूप आहे. त्याला कुणी पाणी घालत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी ते दोनदा गाडीखाली घातलंय. तरी ते दर जुलैला असं फुलतं की परगावचे लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. त्याच्या बुडाशी आहे तरी काय?

त्या आठवड्यात माझ्याकडे फादर ब्लेझ शिकत होते. गावात नवीन आलेले धर्मगुरू. मनुष्य देवभोळा, पण क्लचवर विश्वास नाही. आम्ही चौकात शिरलो.

"फादर, फिरत राहा," मी म्हणालो, आणि खिडकीतून डोकं काढून बुडखा बघू लागलो.

तिसऱ्या फेरीला ते म्हणाले, "मस्यू ऑबेर, आता बाहेर पडायचं का?"

"इतक्यात नको."

"मला गरगरतंय."

"लांब बघा, फादर. क्षितिजाकडे."

"क्षितिजही फिरतंय हो!"

शेवटी मी त्यांना गाडी कडेला उभी करायला लावली, इंजिन बंद करा म्हणालो, आणि मधल्या वर्तुळात चढून माती उकरायला बसलो. मागून एका ट्रकनं भोंगा वाजवला. फादरनी दचकून गाडी चालू केली आणि निघाले. चौकात कसं शिरायचं ते मी त्यांना शिकवलं होतं. बाहेर कसं पडायचं हा पुढचा धडा होता. त्यामुळे मी मध्ये गुडघ्यावर, मुठीत खडे, आणि माझ्याभोवती माझीच गाडी फिरतेय, आत फादर, आणि प्रत्येक फेरीला उघड्या खिडकीतून 'हे पवित्र माते' एवढंच ऐकू येतंय. पोलीस आले तेव्हा त्यांनी आधी कुणाला थांबवायचं यावर दोघांत थोडी चर्चा केली.

मात्र मला हवं ते कळलं होतं. त्या झुडपाखाली माती नव्हतीच. नुसते पांढरे चुनखडीचे दगड, आणि त्या दगडांत हाताएवढी लांब मुळं.

ती मूठभर खडी पालिकेची मालमत्ता निघाली. मला कचेरीत आर्लेतपुढे बसवलं. आर्लेत माझी जुनी विद्यार्थिनी, तीनदा नापास.

"सार्वजनिक उद्यानातून माती काढण्याचं कारण?" तिनं विचारलं.

"कुतूहल."

"असं कारण नसतं."

"असतं गं. माझं तेच होतं."

"मस्यू ऑबेर, मी गाडी मागे घेताना आरशात का बघितलं नाही असं तुम्ही विचारलं होतं, तेव्हा मी काय म्हणाले होते? पलीकडे काय आहे बघायचं कुतूहल होतं म्हणाले होते. तुम्ही ऐकलं होतंत?"

शेवटी मला समज देऊन सोडलं, पण 'समज देण्यात आली' हे वाक्य तिनं मला उभं करून मोठ्यानं वाचून दाखवलं. मागच्या बाकावर शाबेर बसला होता. तो मधाच्या पोळ्यांचा परवाना वाढवायला आला होता, पण त्याचा चेहरा असा खुलला की परवाना नसता मिळाला तरी चाललं असतं.

आता खडी. मी खाणीतून चुनखडीची खडी मागवली. थोडीच हवी होती, पण ट्रकवाला म्हणाला, थोडीसाठी मी डोंगर उतरत नाही. मी घरी नसताना त्यानं सगळी खडी ओतली आणि निघून गेला. ओतली ती पेलिसिए बाईंच्या फाटकापुढे. बाई आत, गाडी आत, आणि संध्याकाळी जिल्ह्याच्या गावी त्यांच्या गायनमंडळाचा कार्यक्रम, ज्यात एक एकटीनं गायचं कडवं बाईंना दहा वर्षांनी मिळालं होतं.

मी पोचलो तेव्हा त्या काळ्या रेशमी पोशाखात ढिगाच्या माथ्यावर उभ्या होत्या.

"हे काय आहे?" त्या म्हणाल्या.

"लव्हेंडर," मी म्हणालो. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही.

मी माझ्या गाडीतून त्यांना कार्यक्रमाला सोडलं. घाईत ड्रायव्हिंग स्कूलची पाटी छपरावरून काढायची राहिली. रंगमंदिराच्या दाराशी साऱ्या गायनमंडळासमोर बाई त्या गाडीतून उतरल्या आणि कुणीतरी म्हणालं, "वा पेलिसिए, या वयात शिकताय! छान!" त्या रात्रभर बोलल्या नाहीत, गायल्या मात्र, म्हणतात, अशा काही जोरात की काचा हादरल्या.

सकाळी तक्रार कचेरीत पोचली होती. आर्लेतनं मला समजावून सांगितलं की सामाईक भिंतीला टेकून खडीचा उंचवटा केला तर ते बांधकाम होतं. मी म्हणालो, त्यावर रोपं लावायची आहेत. ती म्हणाली, मग ते कुंपण. आणि कुंपणाला शेजाऱ्याची संमती लागते. शेजारी म्हणजे पेलिसिए बाई.

बाईंनी दोन अटी घातल्या. एक, खडी मी स्वतः हातगाडीनं हलवायची आणि त्या बघणार. दुसरी, मधमाश्या नकोत.

मी शाबेरकडे गेलो. "तुझ्या माश्या माझ्या परसात येऊ नयेत असं काही करता येईल का?"

"तू लव्हेंडर लावतोयस."

"हो."

"आणि माश्या नकोत."

"बाईंना नकोत."

"मग प्लॅस्टिकचं लाव," शाबेर म्हणाला आणि दार लावून घेतलं.

शेवटी बाईंना मीच मधाची बरणी नेऊन दिली, माश्या आल्या तर हे येतं असं सांगितलं, आणि त्यांनी संमती दिली. खडी वाहताना मात्र त्यांनी सवलत दिली नाही. "पाठ सरळ ठेवा! गुडघ्यातून वाका!" त्या खिडकीतून ओरडत. सासरे खुर्चीतून बघत. दोघांच्या मध्ये मी घामाघूम. रोपं या वेळी दुकानातली नव्हती. सोलांजच्या वरच्या गावातल्या चुलतभावानं डोंगरावरची अस्सल रोपं म्हणून पेंढी बांधून दिली होती. पावसाळी शरद ऋतूत ती खडीत खोचली आणि शाबेरचा सल्ला एकदाचा मानला. झारी सोलांजनं माळ्यावर टाकली आणि शिडी लपवली.

पुढच्या जुलैत ती फुलली. फार नाही, पण फुलली. मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी नुसता जाऊन उभा राहायचो. सासरे भिंतीऐवजी आता फुलांकडे बघत बसत. एवढंच. बोलत नव्हतेच. सोलांज स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना बघायची, आणि मग माझ्याकडे.

एका रविवारी शाबेर आला, वाकला, आणि म्हणाला, "हे तर लव्हँडिन आहे."

हा शब्द आमच्याकडे सभ्य घरात उच्चारत नाहीत. अस्सल लव्हेंडर उंचावर होतं, तेल थोडं निघतं, वास नाजूक. लव्हँडिन म्हणजे संकर. ते खालच्या मैदानात माजतं, ढीगभर तेल देतं आणि त्याचा वास नाकात कापरासारखा घुसतो.

"माझ्या भिंतीला लव्हँडिन?" पेलिसिए बाई भिंतीवरून दिसू लागल्या. "कपडे धुण्याच्या पावडरीत घालतात ते? मी संमती दिलीय त्याला! अस्सल आहे ते."

"सोलांजचा चुलतभाऊ म्हणाला म्हणून?" शाबेर म्हणाला. "तो आयुष्यात एकदाच खरं बोलला, चर्चमध्ये, लग्नाची शपथ घेताना. आणि तेही पुढे खोटं ठरलं."

"फर्दिनांना विचारा मग!"

"विचारूच. पण पूर्वीसारखं, डोळे बांधून," शाबेर म्हणाला. "फर्दिनां डोळे बांधून उतार ओळखायचा, आठवतंय? हे उत्तरेकडचं, हे दक्षिणेकडचं." त्यानं घरून लव्हँडिन आणलं, दोन्हींची फुलं चोळून दोन बशांत ठेवली. "काडी हातात द्यायची नाही. बोटांनी कळतं."

गल्ली जमली. कुणी पास्तिस, म्हणजे आमची बडीशेपेची दारू, आणली, कुणी जैतुनाची फळं. मी सुद्धा उत्सुक होतो, खरं सांगतो, सगळ्यांत जास्त मीच. एका वर्षाच्या 'हं'चा आज निकाल लागणार होता.

पण त्याच सकाळची एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळत होती. मी स्वयंपाकघरात गेलो तर गॅसवर कांदा जळून कोळसा झालेला, खोलीत करपट वास भरलेला, आणि सासरे शेजारी बसून पेपर वाचत होते. "बाबा, जळल्याचा वास नाही आला?" मी विचारलं. ते म्हणाले, "आला की. मला वाटलं सोलांज स्वयंपाक करतेय." मी हसलो होतो. सोलांजला सांगायचं नाही असंही ठरवलं होतं.

गाडी शिकवणारा माणूस विद्यार्थ्याच्या हातांकडे बघत नाही, डोळ्यांकडे बघतो. शाबेर रुमाल घडी करत होता तेव्हा मी सासऱ्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. ते भराभर झाडांच्या देठांवरून फिरत होते. एकाच तुऱ्याचा सरळ देठ आहे की बाजूला फांद्या फुटल्यात, ते बघत होते. अस्सलाला एकच तुरा, संकराला बाजूच्या फांद्या, असे ते नजरेनंही ओळखू येतात. पण ज्याला नाक आहे त्यानं एवढं घाईनं कशाला बघावं? परीक्षेला बसलेला, उत्तर न येणारा मुलगा शेजाऱ्याच्या कागदाकडे बघतो, तसे ते बघत होते. मग रुमाल बांधला गेला, आणि खुर्चीच्या दांड्यावरची त्यांची बोटं पांढरी झाली.

मला सगळं एकदम कळलं. ते 'हं'सुद्धा.

शाबेरनं पहिली बशी उचलायला हात पुढे केला. मी पास्तिसचा तांब्या आणि पेल्यांचा ट्रे घेऊन उभा होतो. मी एक पाऊल पुढं टाकलं आणि खडीवरून घसरलो. जमेल तितका घसरलो. ट्रे, तांब्या, बशा, टेबल, जैतुनाची फळं, सगळं एकावर एक. त्या सगळ्यावर मी. दोन्ही बशांतली फुलं पास्तिसमध्ये कालवून खडीत गेली, आणि परसात बडीशेपेचा असा घमघमाट सुटला की साक्षात देवाला उतार ओळखू आला नसता.

"आणि हा माणूस," शाबेर आकाशाकडे बघत म्हणाला, "लोकांना गाडी शिकवतो!"

"गुडघ्यातून वाकले नाहीत," पेलिसिए बाई म्हणाल्या.

फादर ब्लेझही आले होते. त्यांनी मला हात देऊन उठवलं आणि कानात म्हणाले, "मस्यू ऑबेर, क्षितिजाकडे बघायचं." मी सबंध गल्लीसमोर, पँटला जैतुनाचं तेल लावून, हसलो. दुसरं काय करणार?

लोक पांगले. सोलांज काचा वेचून आत गेली. सासरे रुमाल गळ्यात लटकत तसेच बसले होते.

"मुद्दाम पाडलंस," ते म्हणाले.

"नाही हो. पाय सटकला."

"मुद्दाम पाडलंस. तू वेंधळा आहेस, पण लोकांसमोर एवढा नाहीस."

मी खडीवर बसलो. "कधीपासून?"

"पडलो तेव्हापासून. डॉक्टर म्हणाला, येईल परत वास, नाहीतर नाही येणार."

"सोलांजला माहीत आहे?"

"तिच्या सूपला रोज छान म्हणतो. अजून काय करू?" त्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "सगळे येतात आणि काड्या माझ्या नाकाखाली धरतात. तूसुद्धा. भिंत बरी होती. भिंतीला कुणी हुंगायला सांगत नाही."

मला माझ्या खडीची, हातगाडीची, सगळ्या वर्षाची लाज वाटली. त्यांच्या आनंदासाठी म्हणून मी बरोबर तीच गोष्ट त्यांच्यापुढं मांडून ठेवली होती, जी त्यांच्यापासून गेली होती. "काढून टाकू का ही रोपं?" मी विचारलं.

"नको." मग ते म्हणाले, "कसा येतो वास? सांग."

मी एक तुरा तोडून हुंगला. मन लावून हुंगला. इतकी वर्षं या वासात राहूनसुद्धा मी तो कधी नीट घेतला नव्हता. "साबणासारखा," मी म्हणालो.

"गाढवा! साबणाला त्याचा वास येतो, त्याला साबणाचा येत नाही! पुन्हा."

"चांगला येतो."

"चांगला! गाडी कशी चालते विचारलं आणि पोरगा 'चांगली' म्हणाला, तर पास करशील?"

अशी माझी शिकवणी सुरू झाली. सकाळी कामावर जायच्या आधी आणि दुपारी जेवायला आलो की मी ओणवा होऊन नाक खुपसायचो आणि ते खुर्चीतून प्रश्न विचारायचे. आधी काय येतं? मागून काय येतं? सकाळचं आणि दुपारचं सारखंच का? मी म्हणायचो, सकाळी ओला आहे, दुपारी तापल्या दगडासारखा. "दगड बाजूला ठेव, दगडाशेजारी काय आहे?" मी पुन्हा ओणवा. अस्सल की संकर, हे त्यांनी मला विचारलं नाही आणि मी बोललो नाही, शेवटी मीच एक दिवस म्हणालो, "यात कापूर नाही बाबा. कुठंच नाही." त्यांनी मान हलवली. "ते मला दिसलं होतं," ते म्हणाले, पण चेहरा उजळला होता. पेलिसिए बाईंनी आम्हाला बघून सोलांजला विचारलं म्हणे, की मस्यू ऑबेरना चक्कर वगैरे येते का. सोलांजनं मला विचारलं. त्या रात्री जेवणावर सासऱ्यांनीच तिला सगळं सांगितलं. ती रडली, मग एवढे दिवस सूपला छान का म्हणालात म्हणून चिडली, मग पुन्हा रडली.

जुलै संपता संपता एका दुपारी मी हुंगलं आणि तसाच थांबलो.

"काय?" सासरे म्हणाले.

"हिरवा वास गेलाय. काल होता. आता मध आहे, आणि मधाच्या खाली वाळलं गवत."

ते खुर्चीत सरळ झाले. "गवत? नक्की? पुन्हा हुंग."

मी हुंगलं. "गवत."

"मग बसलायस काय? विळा आण!"

मी विळा आणला. ते उठले, माझ्या खांद्याला धरून खडीवर उतरले, आणि मूठ धरून कापू लागले. हात असा चालत होता की मी नुसता जुड्या बांधत मागं राहिलो. माश्या रागानं भणभणत होत्या. आवाजानं पेलिसिए बाई भिंतीवर आल्या.

"अहो फर्दिनां! इतक्यात कापताय? शाबेर तर म्हणाला अजून आठवडा आहे. कोण म्हणालं आज कापा?"

"लिओनेल," सासरे म्हणाले.

"त्यांना काय कळतं लव्हेंडरमधलं?"

सासऱ्यांनी पुढची मूठ कापली आणि न बघता मागं माझ्या हातात दिली.

"त्याला वास येतो," ते म्हणाले.